उठले, पण दार उघडेना

मी एक जुनी सर्व्हर-पेटी आहे. दवाखान्यातल्या जिन्याखालच्या खोलीत मला लोखंडी चौकटीत स्क्रूने आवळून ठेवलंय. खिडकी नाही, अंग हलवायला जागा नाही. पण मित्रांनो, साऱ्या दवाखान्याच्या नोंदी माझ्या पोटात आहेत, तेव्हा मला अडगळ समजू नका.

माझी जुळी बहीण वरच्या मजल्यावर असते. मी एक अक्षर लिहिलं की तारेवरून तेच तिच्याकडे उमटतं. एकीचं काही झालं तर दुसरी आहेच. एका तंत्रज्ञाने हे सगळं मांडलं. त्याने हाताने आधी तार जागी केली, मग आमची गाठ घालून दिली. "उठल्यावर बहिणीचा आवाज ऐकल्याशिवाय नोंदींचं दार कुणाला उघडायचं नाही," असं दोघींना बजावलं. फक्त उठताना आधी तार आणि मग बहीण, हा क्रम लिहून ठेवायला शहाणा विसरला.

चार वर्षं ते कुणाला कळलं नाही, कारण मी कधी निजलेच नाही. "आपली म्हातारी एकदाही बंद पडली नाही," असं तो मिरवायचा. मीही फुगायचे, खोटं कशाला बोलू?

एका दुपारी वीज गेली आणि आली. मी उठले, बहिणीला हाक मारली. तार मुकी. तारेची जागं व्हायची पाळी माझं दार उघडल्यावर, आणि मी बहिणीसाठी अडून बसलेली! वर तीही तशीच कोंडलेली.

तंत्रज्ञ माझ्यापुढे बसून खटपट करत होता, तोच परिचारिका धावत आली. "अहो दादा, पेशंट टेबलावर आहे, शुद्धीत नाही. त्याला कुठलं औषध चालत नाही ते यात आहे!"

"सुरू होतंय, ताई."

"वीस मिनिटं सुरूच होतंय! डॉक्टर थांबतील, रक्त थांबतं का?"

औषधाचं नाव माझ्या पोटात होतं, पण ओठावर येईना.

शेवटी त्याने मला मॉनिटरचा पडदा जोडून मी कुठे अडलेय ते वाचलं आणि कपाळावर हात मारला. "चूक माझीच गं, म्हातारे." माझा क्रम बदलला, मग दोन-दोन पायऱ्या चढत जाऊन बहिणीचा. तिचा आवाज आला आणि माझं दार उघडलं.

परिचारिका नाव वाचून ओरडतच पळाली. तेच औषध सुईत भरून तयार होतं. ते ओतून दिलं. पेशंट वाचला.

मित्रांनो, यंत्र न थांबता चालतं म्हणून नुसतं कौतुक करू नका. निवांत वेळी त्याला मुद्दाम बंद करा आणि समोर उभं राहून उठताना बघा. अडलो तरी आम्हांला हाक मारता येते ती फक्त आमच्याच बहिणीला. तुम्हांला नाही.