ठमीचा चष्मा

दवाखान्यात चष्म्याचं खोकं हातात आलं आणि घड्याळजी आजोबांना त्याचं झाकणच उघडेना. चाळीस वर्षं राईएवढे स्क्रू बसवणारे हात ते! आत नातीचा चष्मा. काडेपेटीत मावेल एवढा, काचा मात्र जाडजूड, मागे इलॅस्टिकचा पट्टा.

ठमी अडीच महिन्यांची. जन्मतःच दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. तीन आठवड्यांची असताना सून म्हणाली होती, "बाबा, ही माझ्याकडे बघतच नाही हो." आजोबांनी पाळण्यापाशी टिकटिकणारं घड्याळ धरलं. ठमीनं मान वळवली. "बघ, लख्ख दिसतंय तिला! उगाच जिवाला घोर लावून घेऊ नकोस." घड्याळजीच तो! परीक्षा कानांची घेतली आणि पास डोळ्यांना केलं. तीन आठवडे फुकट गेले. मग लस द्यायला नेलं, तेव्हा कुठे डॉक्टरीणबाईंना बाहुलीतला पांढरा डाग दिसला.

"ही पोटात असताना, तिसऱ्या महिन्यात ताप, अंगावर पुरळ, असं काही?" त्यांनी सुनेला विचारलं होतं.

"आलं होतं. मला वाटलं, घामोळं."

तपासणीत रुबेला निघाला, गरोदरपणी झाला तर बाळाच्या डोळ्यांवर उतरणारा आजार. "याची लस तुला दिवस जाण्याआधीच मिळायला हवी होती. तुझा यात काडीचा दोष नाही," डॉक्टरीणबाईंनी बजावलं. ऑपरेशनं लगोलग झाली. आता ठमीला दिसतं का, एवढंच कळायचं होतं.

"कुणी तोंड उघडायचं नाही हं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आवाज झाला तर ती कानानं वळेल."

"म्हणजे आत्याला बाहेर काढा," ठमीचा बाप म्हणाला.

"तूच जा की!" म्हणत आत्यानं ओढणीचा बोळा तोंडात कोंबला.

चष्मा चढला. ठमीनं भोकाड पसरलं, मग दमून गप्प झाली. सून ओठ घट्ट मिटून समोर वाकली. हळूच डावीकडे सरकली. इवलेसे डोळे भिरभिरले, अडखळले आणि तिच्या मागे गेले. ती उजवीकडे आली. डोळेही आले! योगायोग असेल, म्हणून आजोबांनी बोटानंच खुणावलं, पुन्हा. सून पुन्हा सरकली. ठमी बघत राहिली, बघत राहिली आणि बोळकं पसरून हसली.

आत्याच्या तोंडातला बोळा उडाला. "दिसतंय गं बाई, दिसतंय!"

"सुरुवात झालीय," डॉक्टरीणबाईही हसल्या. "पुढं वर्षानुवर्षं चष्मा, तपासण्या..."

आजोबांना कुठलं ऐकू येतंय! ते सुनेला कोपरानं ढोसत होते. "सरक की गं जरा! माझीही ओळख होऊ दे."