पडवीतली बाई

"अंगठे धर," ऋतिका म्हणाली.

हिरू वाकला. हात पोटऱ्यांपर्यंत पोचले आणि कंबर अडली. ठाकुरवाडीच्या घाटात रुळाखालची खडी ओढता ओढता झिजलेली कंबर ती, आठ वर्षांच्या नातीचं कुठवर ऐकणार? ऋतिकानं फूटपट्टी त्याच्या पाठीवर टेकवली आणि अजून खाली, अजून खाली म्हणून बजावलं. तिचा आवाज जरासुद्धा चढलेला नव्हता. घरातलं कुणी तसं बोलत नसे.

"आता वाच. बगळा काय करत होता?"

"बगळा तळ्यात... पळत होता."

पट्टी बोटांच्या सांध्यांवर बसली. पुस्तकात बगळा उभा होता. हिरूला ते लख्ख दिसत होतं. तरी तो पुढच्या ओळीत पुन्हा चुकला.

भिवपुरीच्या त्या घराच्या पडवीत ही शाळा रोज भरायची. ऋतिका खऱ्या शाळेत पहिलीपर्यंत गेली. शाळा मोठी, गणवेशाची, बसची. मग एके दिवशी पोर घरी आली आणि बोलेनाशी झाली. रात्री अंथरूण ओलं करू लागली. काय झालं, ते तिनं आईला सांगितलं नाही, बापाला सांगितलं नाही. शाळेत विचारलं, तर मुलगी अभ्यासात कच्ची आहे, शिक्षा झाली की मनाला लावून घेते, एवढंच उत्तर मिळालं. प्राचीनं, हिरूच्या सुनेनं, दाखला काढला आणि पोरीला घरीच शिकवायचं ठरवलं. हिरूचा मुलगा कमलेश रसायनीच्या कारखान्यात पाळीला जायचा. तो नको म्हणाला नाही, हो पण म्हणाला नाही. भावकीत मात्र कुजबुज सुरू झाली. पोरगी वेडी झाली, सून शहाणी झाली, असं लोक बोलले.

घरी राहून ऋतिका हळूहळू बोलू लागली. मोठ्यानं वाचायची मात्र नाही. प्राचीनं पडवीत फळा टांगला, खडूची पेटी आणली, पण पोर त्या खडूला हात लावीना. पेटी खिडकीच्या फळीवर धूळ खात पडली. आणि एक दिवस तिनं आजाला समोर बसवलं आणि ती बाई झाली.

हिरूला अक्षराची ओळख नव्हती. जन्मभर पगाराला अंगठा उठवलेला माणूस. नात शिकवते म्हटल्यावर तो हौसेनं बसला. पहिल्या दिवशी पट्टी बसली, तेव्हा तो हसला. दुसऱ्या दिवशी तिनं त्याच्या दोन बोटांत पेन्सिल घालून बोटं आवळली, तेव्हा हसू गेलं. स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या प्राचीनं तोंडाला पदर लावला. पोरीनं जे कुणाला सांगितलं नव्हतं, ते ती आजाच्या अंगावर लिहीत होती. पनवेलच्या डॉक्टरीणबाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, अडवू नका, बाहेर पडू द्या.

हिरूनं ते काम अंगावर घेतलं. भिंतीकडं तोंड करून उभा राहिला, कान धरून उठाबशा काढल्या. मार खाता खाता त्याला वाचता येऊ लागलं, आणि तिथंच पंचाईत झाली. एकदा तो भरात एक अख्खं पान न अडखळता वाचून गेला. ऋतिकानं पुस्तक मिटलं. पट्टी खाली ठेवून माळ्यावर जाऊन बसली आणि सांजेपर्यंत खाली आली नाही. रात्री अंथरूण पुन्हा ओलं. तेव्हापासून हिरू ठरवून चुकायचा. प्राचीनंही हात जोडून तेच सांगितलं होतं.

गौराबाईला, त्याच्या बायकोला, हे बघवत नसे. ती सरळ बोलणारी बाई नव्हे, टोमण्याशिवाय तिचा घास उतरायचा नाही. नवऱ्याला पहिलीत किती वर्सं काढायची हायेत, का तिथंच पेन्शन घ्यायची हाय, असं ती वालाच्या शेंगा खुडता खुडता विचारायची. शेजारचा गजा कुंपणापलीकडून त्याला 'पहिलीतला म्हातारा' म्हणायचा. हिरू ऐकून घ्यायचा. पण रात्री बोटं चोळताना त्याच्या मनात एक गोष्ट यायची. चार माणसांत, एकदाच, नीट वाचून दाखवावं. बस, एकदाच.

ती वेळ पौषात आली. मुलांना घरी शिकवणारे आईबाप कुठं कुठं होते, बदलापूरला, खोपोलीला, पनवेलला. ते मधूनमधून एकमेकांच्या घरी जमत आणि एकमेकांना धीर देत. त्या रविवारी पाळी प्राचीची होती. गौराबाईनं परसात पोपटी लावली होती. मडक्यात वालाच्या शेंगा, भांबुर्ड्याचा पाला, वर पेंढ्याचा जाळ. पाहुण्यांत खोपोलीची सफुरा नवीन होती. तिनं लेक फराहला नुकतंच शाळेतून काढलं होतं. सासरचे रोज बोलत होते, पोरीचं वाटोळं करतेस म्हणून. आल्यापासून ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती.

"मला खरं सांगा ताई," ती प्राचीला म्हणाली, "घरी ठेवून पोरं बरी होतात, का आपणच आपली समजूत घालतो?"

ऋतिका कशी बोलती झाली, ते पाहुण्यांनी डोळ्यांनी बघावं असं प्राचीला वाटलं. जरा अभिमानही होता त्यात. तिनं सासऱ्याला बाजूला घेऊन हळूच सांगितलं, "बाबा, नेहमीसारखंच वाचा."

मागून गौराबाई पुटपुटली, "चार मानसांत तरी नीट वाचा वो. मान वर करून मरंन मी."

हिरूनं धुतलेला पांढरा सदरा घातला होता. पडवीत पाहुणे दाटीवाटीनं बसले. ऋतिकानं पट्टी घेतली, पुस्तक उघडून त्याच्यापुढं धरलं. हिरूनं एकवार माणसांकडं पाहिलं. मग वाचलं. बगळा तळ्यात उभा होता. त्याला भूक लागली होती. पाणी हलत नव्हतं. त्याचा आवाज मोकळा झाला. पान संपलं तसं त्यानं स्वतःच उलटलं आणि पुढचंही वाचलं. कुणीतरी टाळी वाजवली. परसात गौराबाई हातातला पेंढा तसाच धरून उभी होती. हिरूची छाती भरून आली.

"कोणी शिकवून पाठवलं तुला?" ऋतिकानं विचारलं.

"तूच की गं, बाय."

"खोटं. घरून घोकून आलास. थांब म्हटलं, तरी वाचत राहिलास. लई शहाणा समजतोस?"

थांब असं कुणीच म्हटलं नव्हतं. हिरूनं तोंड उघडलं होतं ते बोलायला, पण नात खिडकीकडं गेली होती. तिनं खडूची पेटी उघडली. बोटांना धूळ लागली, ती तिनं फ्रॉकला पुसली. नवा, अख्खा खडू घेऊन ती आजासमोर आली.

"तोंड उघड. दातात धर. पाडलास तर दुसरा घालीन."

खडू आडवा बसला. ओठांचे कोपरे ताणले गेले. मग तिनं त्याला सगळ्यांकडं तोंड करून उभं केलं.

प्राची उठली. हिरूनं तिच्याकडं तळहात केला, रुळावर माणसं कामाला असताना येणाऱ्या गाडीला करायचा तसा. ती होती तिथं थिजली.

तेव्हा सगळं त्याच्या ध्यानात आलं. पोर कच्ची नव्हती. चुकली म्हणून मार नव्हता बसला तिला. पोरीनं नीट वाचलं होतं. बाईच्या पुढं दोन पानं गेली असेल. आणि आपण इतके दिवस चुकत बसलो. भलत्याच ठिकाणी पोरीचं दुखणं शोधत बसलो.

प्राचीनं जागेवरूनच विचारलं. "ऋतू, तुझ्या तोंडातला खडू कधी काढला होता?"

"शाळा सुटली तेव्हा," ऋतिका म्हणाली. "सगळे बघत होते."

खडू विरघळू लागला. पांढरी लाळ हनुवटीवरून सदऱ्यावर उतरली. पाहुण्यांना कुठं बघावं कळेना. एकेकानं चपला शोधल्या आणि आवाज न करता पायरी उतरली. कुंपणापाशी गजा आला होता, तो बघून हसला आणि मग हसू आवरून मागं फिरला. परसातून करपल्याचा वास येऊ लागला. गौराबाईनं मडक्याकडं पाहिलंही नाही. एकटी सफुरा उठली नाही. तिनं बोटाची ओढणी सोडली आणि मांडीवर हात ठेवून म्हाताऱ्याकडं बघत बसली, नजर न काढता.

ऋतिका पट्टी घेऊन त्याच्या शेजारी उभी होती. डोंगरावरचे वीजघराचे पाइप मावळतीच्या उन्हात तांबडे झाले, मग काळे. मग तिनं पट्टी खाली ठेवली.

"सुटली शाळा," ती म्हणाली. आवाज तिचा स्वतःचा होता, बारीक. तिनं हाताची ओंजळ केली आणि टाचा उंच करून ती त्याच्या हनुवटीखाली धरली. "थुंक, आजा."

हिरूचा जबडा लगेच उघडेना. ऋतिका तशीच, हात वर धरून, उभी राहिली.