हरकत क्रमांक एकशे बारा

नागपुरात भाचे फार, हे नंदिनीला त्या फाल्गुनात कळलं.

नंदनवन वस्तीतली भाड्याची खोली पाडव्याआधी सोडायची होती. घरमालकाच्या मुलाचं लग्न ठरलं होतं, त्याला खोली हवी होती. त्यात कुणाचा दोष नव्हता. दर रविवारी ती आणि रोशन स्कूटरवर घरं बघत हिंडायचे. खोली आवडायची, नळाला पाणी असायचं, मालकीण चहाचं आधण ठेवायची. मग सहज विचारायची, "पूर्ण नाव काय म्हणालात?"

"नंदिनी रोशन गजभिये."

गॅस तिथंच बंद. "अय्या, सांगायचंच राहिलं बघा. कालच भाच्याचा फोन आला, त्यालाच द्यायचं ठरलंय."

असे सात भाचे झाले. सातव्या दारावरून परतताना रोशन म्हणाला, "एवढे भाचे येऊन राहिले, तं 'भाड्याने देणे'च्या पाट्या काहून निघत नाही वं?"

नंदिनी हसली नाही. "नाल्याकडून घ्या," एवढंच म्हणाली.

नाल्यापलीकडे मोकळी जमीन होती. शहराच्या नकाशावरही ती हिरव्या रंगात होती, म्हणजे तिथे घर बांधायला मनाई. बालवाडीत शिकवायला जाण्याआधी नंदिनी रोज तिथे पायी फिरायची. बेहडा, चिंचा, बाभळी, आणि या दिवसांत पान टाकून नुसता फुलानं भरलेला पळस. आता ती जमीन नकाशावर पिवळी करायचं चाललं होतं. पिवळी म्हणजे घरांची. सकाळी फिरणाऱ्यांचं मंडळ त्याविरुद्ध उभं राहिलं आणि मंडळाच्या पुढे अरुंधतीताई. त्या निवृत्त प्राध्यापिका, जमिनीसमोरच त्यांचं दुमजली घर.

नंदिनीनंही आपल्या नावाचा हरकतीचा अर्ज दिला होता. वर एक ओवीही दिली होती. तिची आई धान पाखडताना सुचेल ते गायची. तो गळा लेकीत उतरला होता.

पळस पेटला बाई, नाल्याच्या काठाले,
इस्तो न्याले ये वं सये, तुह्या गं चुलीले.

अरुंधतीताईंनी ती ओवी फलकावर लिहून घेतली, मंडळाकडून म्हणवून घेतली, आणि नंदिनीला सगळ्यांदेखत पोटाशी धरलं. "ही आपली पोर आहे हो!"

पोरीनं ते खरं मानलं. जिनं आपली ओवी तोंडपाठ केली, तिच्या घराची पायरी आपल्याला परकी नसणार, असं तिला वाटलं. एवढीच तिची चूक. ताईंचा वरचा मजला दोन वर्षं रिकामा होता. नंदिनीनं संध्याकाळी जाऊन विचारलं.

"अगं, तुझ्यासाठी जीव तुटतो माझा," ताई म्हणाल्या. "पण वरती देवघर आहे ना."

"मी देवघराले हात नाही लावणार, ताई. कुलूप घाला पाहिजे तं."

"तसं नाही गं. आमची मुग्धा माहेरी येते उन्हाळ्यात, मुलांना घेऊन. तू समजूतदार आहेस." आणि हातावर वाटीभर करंज्या ठेवल्या. भाचासुद्धा पुढे केला नाही. तेवढी माया होती.

ज्यानं नाव विचारलं नाही असा माणूस एकच भेटला, गोपाळराव. त्या हिरव्या जमिनीच्या टोकाला त्यानं परवानगीआधीच दोन-दोन खोल्यांची सहा घरं उठवली होती. "आमच्या लेआउटमध्ये गोतावळा नाही विचारत, ताई. पण जमीन पिवळी झाली तरच चावी. नाही झाली तं हे सारं पाडतीन."

घर बरं होतं. न्हाणीघराला खिडकी होती. समोर आखलेल्या रस्त्याच्या मधोमध तोच पळस उभा होता, बुंध्यावर चुन्याची फुली. नंदिनीनं त्या फुलीवर तळवा ठेवला. हात पांढरा झाला, तो तिनं पदराला पुसला.

सुनावणीच्या दिवशी सभागृह गच्च भरलं होतं. पुकारा झाला. "हरकत क्रमांक एकशे बारा. नंदिनी गजभिये."

"ओवीपासून सुरू कर," मागून ताई कुजबुजल्या.

नंदिनी उभी राहिली. "साहेब, मी माझी हरकत मागे घेते."

सभागृहात गलका झाला. ताई ताडकन उठल्या. "नंदिनी! अगं, झाडांशी बेइमानी? त्या बिल्डरनं काय दिलं तुला?"

"दोन खोल्या. तुमच्याकडं चार आहेत, ताई." तिचा आवाज चढला नाही. "वरच्या मजल्याची चावी द्या. आत्ता, सगळ्यायसमोर. मी हरकत कायम ठेवते, झाडाले मिठी मारून बसते, जेसीबी आला तरी उठणार नाही."

कुणी चष्मा पुसला, कुणी फाइल उघडली. ओवी पाठ असलेली सगळी माणसं खाली बघत होती.

"तो विषय वेगळा आहे," ताई म्हणाल्या.

"विषयाला धरून बोला, बाई," साहेबही म्हणाले. "बाजूला जाऊन अर्ज भरा."

बाजूच्या टेबलावरच्या कारकुनानं छापील अर्ज तिच्यापुढे सरकवला. नाव, पत्ता, क्रमांक. पत्त्यापाशी ती अडखळली, मग सोडायच्या खोलीचाच लिहिला. खाली एक रकाना होता, 'हरकत मागे घेण्याचे कारण'. बोटभर जागा. नंदिनी पेन धरून बसून राहिली. सात घरं, देवघर, करंज्या, चुन्याची फुली. बोटभर जागेत काय काय मावेल?

"बसून काहून राहिल्या, बाई?" कारकून म्हणाला. मागे रांग वाढत होती. "'वैयक्तिक' लिहा. सारे तेच लिहितात."

तिनं तेच लिहिलं.