आवाजाची डिस्क

संगणकाची जुनी डिस्क मिस्त्रींनी सकाळीच निकालात काढली होती. गेला आठवडाभर ती नुसती टकटक करत होती, चालू व्हायचं नाव नव्हतं. मिस्त्रींनी ती शिकंज्यात धरली, ड्रिलने आरपार भोकं पाडली आणि भंगारवाल्याला देऊन टाकली. घरची माहिती परक्याच्या हाती लागू नये, असं कुणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलं होतं, आणि एकदा डोक्यात शिरलं की मिस्त्री कुणाच्या बापाचं ऐकत नसत. शिवाय बॅकअप होताच. त्यांनी स्वतः घेतलेला, कपाटात कापडात गुंडाळून ठेवलेला.

दुपारी सूनबाईने संगणकात नवी डिस्क बसवली. आतल्या खोलीत सासूबाई, म्हणजे मिस्त्रींची बायको, उशीला टेकून वाट बघत होत्या. घशातली गाठ काढताना त्यांचं स्वरयंत्रच काढावं लागलं होतं. जखम भरली, बोलणं मात्र कायमचं गेलं. ऑपरेशनच्या आधी त्या रोज माइकसमोर बसून वाक्यं बोलून त्या जुन्या डिस्कवर साठवत. त्यावरून संगणक त्यांच्याच आवाजात बोलायला शिकणार होता. त्यांनी टाइप करायचं, त्याने बोलायचं. तेव्हाच त्यांनी मिस्त्रींना बजावलं होतं, "घसा गेला म्हणून सुटलात असं समजू नका. तुम्हाला बोलायचं ते आधी भरून ठेवतेय."

सूनबाईने बॅकअपची डिस्क जोडली. "तासभर तरी लागेल, बाबा. तोवर दाढी उरकून घ्या. आई ओरडायला लागतील तेव्हा जरा बरे दिसा."

मिस्त्री हसले. उठायला गुडघ्यावर हात टेकतात तोच ती म्हणाली, "झालं."

"काय झालं?"

"सगळं आलं म्हणतोय."

"बघ, नवी डिस्क कशी पळते."

पडद्यावर मिस्त्रींनीच दिलेली नावं ओळीने उभी होती : हाका, राग, नातवंडांसाठी, रोजचं. तिने 'हाका' उघडलं. संगणकाने शोधल्यासारखं केलं आणि चौकट दाखवली : फाइल सापडत नाही. 'राग' उघडलं. तीच चौकट.

"बाबा, बॅकअप घेताना नेमकं काय केलंत?"

"काय करणार? पडद्यावर तिच्या आवाजाची चित्रं होती, ती उचलून यात टाकली. वाजवूनही बघितली. बोलत होती की चांगली."

"तेव्हा जुनी डिस्क आत होती?"

"होती ना."

सूनबाईने खुर्ची मागे सरकवली. "ते शॉर्टकट होते. घर कुठे आहे ते सांगणारी नुसती पाटी. दाबलं की जुन्या डिस्कवर जाऊन आवाज आणायची. तुम्ही पाट्या तेवढ्या आणल्यात, बाबा. घर तिकडेच राहिलं."

मिस्त्रींनी बॅकअपची डिस्क हातात घेऊन उलटसुलट करून पाहिली.

"असू दे," ती म्हणाली. "बंद पडलेल्या डिस्कमधूनही काढून देतात. कुठे ठेवलीय ती?"

मिस्त्रींनी आपल्या तळहाताकडे पाहिलं. रेषांमध्ये धातूचा भुगा अजून चमकत होता. सूनबाईनेही पाहिला.

"सकाळी ते ड्रिल..." ती म्हणाली. "मला वाटलं, तुम्ही फळी ठोकताय."

आतून टाळी वाजली. हल्ली सासूबाई अशीच हाक मारत.

"वेळ लागेल म्हणून सांग," मिस्त्री पुटपुटले.

"किती?"

मिस्त्री तळहातावरचा भुगा पुसायला लागले.

"मी खोटं नाही बोलणार," ती हळूच म्हणाली. "तुम्ही जा."

पुन्हा टाळी वाजली, या वेळी जरा चिडून.

मिस्त्री आत गेले. बायकोने केस विंचरले होते, धुतलेली साडी नेसली होती. लांबलचक वायरचा स्पीकर तिने उशाशी ओढून घेतला होता. ती बाजूला सरकली, त्यांना बसायला जागा केली.

"अगं, ऐक," ते म्हणाले.

तिने त्यांच्या ओठांवर बोट ठेवलं. आज बोलायची पाळी तिची होती. मग तिने स्पीकरचं बटण पिळून आवाज पूर्ण मोठा केला आणि त्यांचा हात हातात घेऊन ऐकायला बसली.