मागचं मूल

रविवारी सकाळी कांदिवलीच्या राजाराम परबांकडे कांदेपोहे झाले ते जानकीच्या हातचे, आणि जानकीलाच बघायला आलेल्या पाहुण्यांसाठी. जानकी ही राजारामच्या धाकट्या भावाची, सुबोधची बायको. सुबोध काविळीने गेला, त्याला दोन वर्षं होत आली होती. त्यांची अडीच वर्षांची मनाली तेवढ्यापुरती शेजारच्या लताबाईंकडे धाडली होती आणि तिची तीनचाकी सायकल माळ्यावर चढवली होती. घरात लेकरू आहे हे पाहुण्यांना ठाऊक होतंच. पण ठाऊक असणं वेगळं आणि डोळ्यांसमोर नाचणं वेगळं, अशी या घराची समजूत.

विधवा भावजयीचं दुसरं लग्न लावतोय म्हणून सोसायटीत राजारामचं कौतुक चाललं होतं. कौतुक करण्यासारखंच होतं ते. त्यातली मेख तेवढी कुणी विचारत नव्हतं.

मुलगा मुलुंडचा, देवेश. पहिली बायको वारलेली, माणूस शांत. बोलली ती त्याची आई, पोह्यांची बशी खाली ठेवत. "मुलगी पसंत आहे आम्हाला. तेवढं मागचं मागे राहू दे."

मागचं म्हणजे मनाली. देवेश खाली बघत राहिला आणि राजारामने मान डोलावली.

पाहुणे गेल्यावर जानकी बशा घासता घासता म्हणाली, "मला नाही करायचं लग्न. काय अडलंय माझं?"

"आज नाय अडला. उद्या आमचे हातपाय थकले काय मग?" राजाराम म्हणाला. "पोरीची काळजी करू नको. ता आमचा रक्त आसा. द्रौपदी बघात तिका."

द्रौपदी त्याची बायको. मूलबाळ नाही म्हणून वर्षानुवर्षं प्रत्येक ओटीभरणात तिला मागे बसवलं गेलं होतं. आता तिच्या मांडीवर कुणीतरी बसणार होतं, आणि ती उठून माळ्यावरची सायकल खाली काढायला गेली. तिला वाईट तरी कोणत्या तोंडाने म्हणायचं?

जानकीचा भरवसा होता तो नणंदेवर. दिशा वांद्रे-कुर्ला संकुलातल्या एका कचेरीत फ्रान्सच्या कायद्यांची भाषांतरं करायची. सरकारी खर्च, कर, फौजदारी खटल्यांची रीत, सगळं तिच्या टेबलावरून जायचं. त्या महिन्यात नेमकं पालकत्वाचं प्रकरण तिच्यापुढे होतं. आईबापांपैकी एक गेला तर मुलावरचा अधिकार उरलेल्याकडेच राहतो, एवढं सरळ लिहिलेलं. आपल्याकडचा कायदा तरी कुठे निराळा आहे? बापामागे आईच पालक.

"दिशा, तू कायद्याचं वाचतेस ना? मनालीला ठेवूनच जावं लागेल का गं मला?"

"नाही वहिनी, कायदा तुझ्याच बाजूने आहे. पण आता दादाशी कोर्टात भांडायचं का? आधी तू सेटल हो, मग नेऊ ना तिला. मी आहे ना."

या 'मग'ने आपल्याकडे किती बायकांचा घात केला असेल कुणास ठाऊक. नाही म्हणायला लागतं ते धैर्य नसलं की शिकलेली माणसं हाच शब्द वापरतात. जानकीने विश्वास ठेवला आणि लग्न झालं.

सुरुवातीला ती दर रविवारी यायची. मग राजारामचा फोन आला की तू गेल्यावर पोर जेवत नाही, थोडे दिवस येऊ नको. पोरीला त्रास नको म्हणून जानकी मुलुंडला बसून रडली, पण आली नाही. थोडे दिवस थोडे दिवस करता करता वर्ष उलटलं. शेवटी देवेशनेच आपल्या आईची समजूत घातली आणि जानकीला म्हणाला, "घेऊन ये तिला."

जानकी नवा फ्रॉक घेऊन, दिशाला सोबत घेऊन कांदिवलीला आली. दार मनालीनेच उघडलं. उंच झाली होती. तिने जानकीकडे पाहिलं आणि आत हाक मारली, "आई, कुणीतरी मावशी आल्यात!"

आतून हात पुसत द्रौपदी आली.

जानकी दाराशीच बसली. दिशा मात्र आत शिरली. "दादा, मनालीचे कपडे भर. ती तिच्या आईकडे चाललीय."

"खंयची आई? आवस तिची घरात आसा."

"तिची पालक वहिनी आहे, दादा. तेव्हाही होती. मला माहीत होतं आणि मी गप्प बसले."

दिशाने मनालीचा हात धरला. पोर किंचाळली आणि द्रौपदीच्या कमरेला घट्ट बिलगली. द्रौपदीही रडायला लागली. तेव्हा जानकी उठली आणि तिने दिशाची बोटं सोडवली.

"ओढू नको गं तिला. एकदा ओढलीच ना माझ्यापासून."

फ्रॉक कोचावर ठेवून ती जिना उतरली.

दुसऱ्या दिवशी दिशाने रजा टाकली आणि वहिनीला घेऊन वकिलाकडे गेली. भाऊ तुटला तरी चालेल, आता माघार घ्यायची नाही, हे तिने ठरवलं होतं. ताबा आज ना उद्या मिळेल. कोर्ट एवढं नक्की करील. पण मनालीच्या तोंडून गेलेली ती हाक कुणाकडे मागायची?

तुमच्याही ओळखीत कुणी विधवा सुनेचं लग्न लावून दिलं असेल. त्यांचं कौतुक जरूर करा. पण पेढा तोंडात टाकण्याआधी एवढं विचारा, तिचं मूल कुठे आहे?