अकराचा नैवेद्य

"यंत्राला भूक लागत नाही, म्हणून जग यंत्रापुढं झुकतं," असं अंबडच्या व्हॉल्व्हच्या कारखान्याचे मॅनेजर डोंगरे साहेब दर सोमवारी जाहीर करत. यंत्राला दर दोन तासांनी तेल पाजावं लागे आणि ते लेथवरचा कामगार निवृत्ती पाजत असे. पण भाषणात मध्येच बोलायची पद्धत नव्हती.

निवृत्तीला स्वतःला मात्र दोन तासांनी काही मिळत नसे. त्याला लहानपणापासूनचा मधुमेह. सकाळी इन्सुलिनची सुई टोचून कामावर यायचं, आणि अकराला पोटात चार घास गेले नाहीत तर साखर उतरून हात थरथरत, डोळ्यांपुढं काजवे. लेथवर हात थरथरणं काही बरं नव्हे. आजार सांगावा, तर लेथवरून उचलून थेट गेटाबाहेर ठेवतील. न सांगता खावं, तर यंत्रापाशी खायला बंदी. एका बिस्किटापायी एक मेमो मिळालाच होता. दुसरा मेमो मिळाला की घरी बसायचं होतं.

हे गुपित फक्त झाडणाऱ्या सरुबाईला ठाऊक होतं. बिस्किटाचा चुरा खोटं बोलत नाही. तोडही तिनंच काढली. भिंतीवर वणीच्या देवीचा फोटो होताच.

"खायला बंदी हाय ना भाऊ," ती म्हणाली, "परसादाला कुठं हाय?"

दुसऱ्या दिवसापासून अकराला यंत्रं थांबू लागली. देवीला केळी आणि गूळ-शेंगदाण्यांचा नैवेद्य दाखवायचा, प्रत्येकाच्या हातावर चिमूटभर ठेवायचा, आणि उरलेला, म्हणजे जवळजवळ सगळा, पुजारी या नात्यानं निवृत्तीनं संपवायचा. डोंगरे साहेब एकदा ओरडायला आले, पण हातावर प्रसाद पडल्यावर बूट काढून उभे राहिले. दोन वर्षं अशी निघाली. खात्यातला बिघडलेला माल निम्म्यावर आला. श्रेय देवीला गेलं.

मग अठ्ठ्याण्णव साली परदेशी गिऱ्हाइकासाठी आयएसओचं प्रमाणपत्र घ्यायचं ठरलं. त्याचा मंत्र सोपा होता: जे करता ते लिहा आणि जे लिहिलंय तेच करा. लिहायचं काम सुयश नावाच्या नव्या कारकुनाकडं आलं, आणि तो प्रामाणिक निघाला. त्यानं लिहिलं: '११.०० – नैवेद्य, पाच मिनिटे. जबाबदार व्यक्ती: निवृत्ती.' साहेबांनी तीनशे पानांवर न वाचता सह्या केल्या.

तपासणीच्या दिवशी साहेबांना वाटलं, देवीमुळं कारखाना मागासलेला दिसेल. फोटो आदरपूर्वक त्यांच्या केबिनीत हलवला गेला आणि नैवेद्याला सुट्टी मिळाली.

अकरा वाजून सात मिनिटांनी पुण्याहून आलेल्या ऑडिटर बाई लेथपाशी थांबल्या. त्यांनी फाईल पाहिली, घड्याळ पाहिलं आणि पेनाचं टोपण काढलं. नैवेद्य झालेला नाही, असं त्यांनी शांतपणे नोंदवलं. साहेब म्हणाले, ती धार्मिक बाब आहे. बाई म्हणाल्या, ही लेखी बाब आहे, खाली आपली सही आहे, आणि प्रत्येक पायरीला कारण लागतं. या पायरीचं काय?

सगळे पुजाऱ्याकडं बघू लागले. पुजाऱ्याच्या कपाळावर घाम होता आणि बोटांना कंप सुटला होता. आता पडलो तरी कळणार, बोललो तरी कळणार.

"बाई, देवीला नाही लागत," निवृत्ती म्हणाला. "मला लागतं. शुगर आहे मला. अकराला खाल्लं नाही तर मी पडतो."

सरुबाईनं पदराची गाठ सोडून गुळाचा खडा त्याच्या तोंडातच घातला. यंत्रापाशी, सर्वांदेखत.

"मग तसंच लिहा की," बाई म्हणाल्या. "देवीला कशाला जबाबदार धरता?"

सुयशनं तिथल्या तिथं ओळ खोडून नवी लिहिली: '११.०० – निवृत्ती खाईल. न खाल्ल्यास त्रुटी समजली जाईल.' कंपनीची हरकत आहे का, असं बाईंनी विचारलं. साहेबांना डोळ्यांपुढं प्रमाणपत्र दिसत होतं. कंपनीचं हेच धोरण आहे आणि पहिल्यापासून आहे, असं त्यांनी सांगितलं. निवृत्तीला ते आजच कळत होतं. तो स्टुलावर टेकला. आजार होता तिथंच होता. पण दोन वर्षांत पहिल्यांदा त्याला गूळ गोड लागला.

साहेबांना मात्र भरून आलं. त्यांनी खुर्ची मागवली, खात्याच्या मधोमध ठाण मांडलं आणि माणूस हाच कसा उद्योगाचा आत्मा असतो, हे बाईंना पहिल्यापासून सांगायला घेतलं. आत्मा अमर असतो इथवर ते आले, तेव्हा सरुबाई केरसुणी घेऊन त्यांच्यापुढं येऊन उभी राहिली.

"साहेब," ती म्हणाली, "जरा पाय वर घ्या."