ऐकू न आलेली चीर

ट्रॅक्टरला बांधून ओढत आणलेली हेमराजची लाल गाडी दुकानासमोर थांबली, तेव्हा तानबाने आधी त्याच्या ओठांकडे पाहिलं. दोन वर्षांपासून तो सगळ्यांच्याच ओठांकडे पाहत असे. पत्रे ठोकून ठोकून त्याचे कान गेले होते. ही गोष्ट त्याने घरीसुद्धा सांगितली नव्हती. सायलेन्सरवाल्यालाच ऐकू येत नाही म्हटल्यावर वर्ध्यात त्याच्याकडे गाडी कोण आणणार?

"काय काम केलं तुम्ही, तानबाभाऊ?" हेमराजचा चेहरा लालबुंद झाला होता. "काल गिरडले दर्शनाले चाललो होतो. जाम गावाच्या पुढं कोकिळा बेशुद्ध पडली!"

हेमराज कापसाचा व्यापारी. पाच वर्षांपूर्वी, ब्याण्णव साली, त्याने नागपूरच्या एका डॉक्टरांकडून ही जुनी विलायती स्पोर्ट्स कार हौसेने घेतली होती. दोनच सीटा, जमिनीला टेकल्यासारखी बुटकी. चार दिवसांपूर्वी ती फटफट वाजते म्हणून त्याने तानबाकडे आणली होती. तानबाने मागच्या जोडाला नवा क्लॅम्प लावला, कान देऊन उभा राहिला आणि म्हणाला, "झालं. आता आवाज नाई." त्याला खरंच काही ऐकू आलं नव्हतं.

जानेवारीची थंडी, म्हणून नवराबायकोने काचा लावून घेतल्या होत्या. आधी कोकिळाचं डोकं दुखलं, मग मळमळलं, मग मान कलली. हेमराजने तिला ओढून रस्त्याच्या कडेला निजवलं, तेव्हा उघड्या हवेत ती हळूहळू शुद्धीवर आली. समुद्रपूरच्या डॉक्टरांनी तिला तपासलं आणि म्हणाले, "आधी गाडी दाखवा. आत धूर येतोय."

तेवढ्यात मागून ऑटो आला आणि त्यातून कोकिळा उतरली. या गाडीत ती आता बसायला तयार नव्हती.

तानबाने बॉनेट उघडून थंड इंजिन चालू केलं आणि वाकून पाइपावरून नजर फिरवू लागला. कोकिळा त्याच्या मागे येऊन उभी राहिली.

"भाऊ, इथून टकटक येऊन राह्यली."

तानबा हलला नाही. ती पुन्हा म्हणाली, मोठ्याने. तरी नाही. मग तिने त्याच्या खांद्याला हात लावला. तो दचकून वळला, आणि तिच्या नजरेतूनच त्याला कळलं की हिला समजलं.

"तुम्हाले ऐकू नाई येत," ती म्हणाली.

खोटं बोलता आलं असतं. पण हेमराजने सांगितलेला कालचा रस्ता तानबाच्या डोळ्यांसमोर आला.

"नाई येत, वहिनी. दोन वरसं झाली."

हेमराजने पुढे होऊन इंजिन बंद केलं आणि चावी काढली. "माही बायको मेली असती! आन् तुम्ही लपवून राह्यले? मी गाडी दुसरीकडं नेतो."

"दुसरा मिस्त्री तरी आवाजच ऐकणार ना?" कोकिळा म्हणाली. "आवाज मले येते. हे हातानं शोधतीन. चावी तानबाभाऊले द्या."

हेमराजने चावी दिली नाही. त्याने स्वतःच इंजिन पुन्हा सुरू केलं. पण एवढ्यात कोकिळाने मान हलवली. टकटक कमी होत होती. मिनिटभरात ती थांबली.

"लोखंड तापून फुगलं," तानबा म्हणाला. "चीर आवळली. आवाज गेला, पण रस्त्यावर जोर पडला का धूर निघतेच. आता थंडं होऊ द्या लागते."

दोन तास तिघं तिथेच बसले. चहा आला आणि तसाच निवला.

मग इंजिन पुन्हा चालू केलं; ते तापून आवाज थांबेपर्यंत फक्त तीन-चार मिनिटं होती. हेमराजने ओलं फडकं मागच्या नळीच्या तोंडावर दाबून धरलं, म्हणजे कोंडलेला धूर चिरेतून जोराने बाहेर पडेल. कोकिळा इंजिनावर वाकली. तानबाची नजर तिच्या ओठांवर होती.

"अजून आत. खाली... नाई, डावीकडं. इथं!"

तानबाने तळहात पुढे सरकवला. काही नाही. आणखी बोटभर. मग गरम फुत्कार हाताला असा लागला की तो कळवळला, पण हात काढला नाही. पत्र्याच्या आडोशाखाली, जिथे इंजिनाच्या तोंडाला ओतीव लोखंडी नळा बसतो, तिथे बोटभर लांबीची बारीक चीर होती. भोवती काजळी जमली होती. इंजिन आणि सीटांमधल्या पत्र्याच्या पडद्यात वायर जाण्याचं भोक, त्यातलं रबर वाळून गळालेलं. धूर थेट कोकिळा बसायची तिथे पायांशी जात होता.

तो नळा काढायला संध्याकाळ झाली. एक बोल्ट गंजून तुटला. दुसऱ्या दिवशी तानबाने नळा निखाऱ्यांवर सावकाश तापवला, चीर घासून उघडली, वेल्डिंग केलं आणि राखेत पुरून ठेवला. एकदम थंड झाला तर पुन्हा तडकतो. नवं पॅकिंग, नवं रबर. मग मागून हवा भरून त्याने प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी सोडलं. एकही बुडबुडा आला नाही. कोकिळाने तीनदा कान लावला. टकटक नव्हती.

"आता मी बसतो," तानबा म्हणाला. "वहिनींच्या जागी. काचा लावून."

हेमराज गाडी चालवत होता. पवनार मागे गेलं तशी तानबाची छाती धडधडू लागली. ही भीती की धूर, त्याला कळेना. डोकं दुखतंय का? आपण शुद्धीत आहोत ना, हे पाहायला तो बोटं मोजू लागला, मनात पोरांची नावं घेऊ लागला. घाम आला. हेमराजने काच खाली करायला हात नेला, तर त्याने तो धरला.

"राहू द्या. सेलूपर्यंत."

सेलूला तो उतरला आणि रस्त्याच्या कडेला उभा राहिला. डोकं साफ होतं.

"काऊन नाई सांगतलं पयले?" हेमराजने विचारलं. चेहऱ्यावरचा राग गेला होता.

"पोट," तानबा म्हणाला. मग कपाळाचा घाम पुसत, "आन् लाज."

गिरडला कोकिळा पुढच्या आठवड्यात गेली, पण एसटीने. गाडीत ती होळीनंतर बसली, तेही काच उघडी ठेवून. तानबाने बायकोला सेलूहून परतल्यावर त्याच रात्री कानांचं सांगितलं. ती म्हणाली, "मले माहीत होतं."

दुकानात आता गाडी आली की तो गिऱ्हाइकाला आधीच सांगतो, "कान तुमचे, हात माहे." काहीजण परत जातात. बरेचजण वाकून ऐकू लागतात.